बाईंची पर्स आणि हिरड्याचं पाणी

बचत, हप्ता, पापड, शेवया यांवर आपण या वाहिनीवर नेहमीच बोलतो. आज आमच्या गटाच्या वतीने जरा वेगळा विषय घेऊन बसलोय. चामड्याच्या जुन्या पर्स घरच्या घरी साफ कशा करायच्या, हा. पण तो सांगताना मोट सांगावी लागणार, हिरडा सांगावा लागणार, आणि आमच्या हातून झालेलं एक नुकसानही सांगावं लागणार. तेव्हा हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

तुम्ही म्हणाल, आपल्या घरात कुठली आली चामड्याची पर्स? आम्हीही तसंच म्हणालो होतो. झालं असं, की ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेत बायकांच्या वापरातल्या जुन्या वस्तूंचं एक टेबल मांडायचं ठरलं आणि ते काम गटाकडे आलं. जातं, सूप, फणी-करंड्याची पेटी हे तर कुठल्याही टेबलावर असतं. म्हणून आम्ही माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या. कुणाच्या सासऱ्यांचं गिरणीतल्या दिवसांचं पाकीट निघालं, कुणाच्या आत्याची नर्सिंगच्या नोकरीतली बॅग निघाली. निम्म्या वस्तू तर रेक्झिनच्याच होत्या, हात लावला की पापुद्रे सुटत होते. आणि मग आमच्या शाळेच्या निवृत्त बाईंनी तीन वस्तू काढून दिल्या.

पहिली, त्यांची शाळेची बॅग. जाड, तपकिरी चामड्याची, पितळी बक्कल असलेली. १९६८ साली नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून कोल्हापुरात घेतलेली. दुसरी, शांतिनिकेतनची पर्स. शिक्षकांच्या सहलीबरोबर बाई कलकत्त्याला गेल्या होत्या, तिथली. तिच्यावर लाल-हिरवी उठावाची नक्षी. तिसरं, एक छोटं काळं पाकीट, सुट्ट्या पैशांचं. ते बाईंच्या आईने बाजारातून आणून दिलं होतं, लेक नोकरीला निघाली म्हणून. तिन्हींवर पावसाळ्यातली पांढरी बुरशी चढलेली.

आम्ही सुरुवात छोट्या पाकिटापासून केली. छोटं आहे, पटकन होईल म्हणून. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण कालवला, जुन्या टूथब्रशने खसाखसा घासलं, नळाखाली धुतलं आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवलं. आमची समजूत अशी, की ऊन लागलं की बुरशी मरते. संध्याकाळी बघतो तर पाकीट करपलेल्या भाकरीसारखं झालेलं. आक्रसलं होतं, कडक झालं होतं, वरची झडप खालच्या बटणापर्यंत पोचत नव्हती. बाईंना दाखवलं. त्यांनी ते हातात उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "असू दे गं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही चर्मकार वस्तीतल्या आजींकडे गेलो. खरं सांगायचं तर चपलेचा अंगठा तुटला की आम्ही तिथे जातो, एरवी नाही. आजींचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी पाकीट नाकाशी नेलं, वाकवून पाहिलं आणि विचारलं, "ह्येला न्हाऊ घातलंसा व्हय?" आम्ही मान हलवली. "कातडं म्हंजे कापड न्हवं लेकींनो. कुणी सांगितलं तुमास्नी धुवायला?"

कातडं म्हणजे कापड नव्हे. एवढं एक वाक्य आधी कळलं असतं तर पाकीट वाचलं असतं. पण ते नीट समजायचं तर कातडं तयार कसं होतं ते बघायला हवं.

जनावराच्या अंगावरून काढलेलं कच्चं कातडं दोन-तीन दिवसांत कुजतं. ते टिकवायचं तर कमवावं लागतं. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं, म्हणजे केस सैल होतात. ते खरवडायचे, आतल्या बाजूचं मांस काढायचं, चुना धुऊन काढायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याचं पाणी करायचं. आणि पुढची गोष्ट आजींच्या तोंडून ऐकताना आम्ही थक्क झालो. ते कातडं कडेने शिवून त्याचीच पिशवी करायची, ती लाकडी चौकटीला टांगायची, तिच्यात साल आणि हिरडा भरायचा आणि वरून हे पाणी ओतत राहायचं. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात पडतं, ते पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे दुसरं टोकही भिजतं. म्हणजे चामड्याची पर्स व्हायच्या कितीतरी आधी ते कातडं स्वतःच एकदा पिशवी होऊन बसलेलं असतं.

हिरड्याने काय होतं? हिरडा चावून बघा. जीभ आवळते, तोंड कोरडं पडतं. हिरड्यातलं तुरट द्रव्य, टॅनिन, आपल्या लाळेतल्या प्रथिनाला धरून ठेवतं म्हणून तसं होतं. कातडंही प्रथिनाच्या बारीक तंतूंचंच बनलेलं. टॅनिन त्या तंतूंना बांधून टाकतं आणि मग ते कुजत नाहीत. त्या तंतूंमध्ये तेल-चरबी मुरवली की ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून चामडं लवतं. आम्ही साबणाने नेमकं ते तेल काढलं. साबण आणि सोडा हे खारे, चामडं किंचित आंबट, त्यामुळे बांधणीही ढिली झाली. वर ओलं असतानाच कडक उन्हात ठेवलं. ओलं चामडं उष्णतेने आक्रसतं, आणि एकदा आक्रसलेलं पुन्हा पसरत नाही.

हा हिरडा आपल्या सह्याद्रीतला. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरात आजही आदिवासी बाया तो गोळा करतात. इंग्रजांच्या काळात तो बोटीत भरून विलायतेच्या कातडी कारखान्यांना जात असे, आणि व्यापारात त्याच्या एका प्रतीला वेंगुर्ला बंदरावरून 'व्हिंगोर्ला' असंच नाव होतं. हिरडा वेचणारी बाई कोण, हे तिकडे कुणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या आज्या-पणज्यांना चामड्याच्या पिशवीचं काय काम? वापर होता आणि रोजचा होता, फक्त ती खांद्याला लटकत नव्हती. विहिरीवरची मोट ही चामड्याची पिशवीच. वर मोठं तोंड, खाली सोंड, नाडा ओढणारे बैल आणि उसाला जाणारं पाणी. पखालही तीच. रेड्याच्या पाठीवर पाण्याने भरलेली चामडी पिशवी. 'दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला' असं आपण सहज म्हणतो, पण पखाल कुणी पाहिली आहे असं विचारलं तर आमच्या बैठकीत दोनच हात वर झाले. मोट फाटली की चांभार ती सांधून द्यायचा आणि सुगीला बलुतं न्यायचा. मोट वापरात असेतो ओली आणि तेल पाजलेली असायची. न वापरता गोठ्यात पडली की तडकायची. पुढे लोखंडी मोटा आल्या, मग इंजिनं आणि विजेचे पंप, आणि चामड्याची मोट संपली. तिच्याबरोबर गावातलं चामड्याचं बरंचसं काम संपलं.

ज्या चामड्यातून साऱ्या गावाच्या पिकाला पाणी मिळालं, ते कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला मात्र गावाने विहिरीच्या काठाला शिवू दिलं नाही. हे सांगताना आम्हाला अवघड जातं, कारण हा इतिहास फार लांबचा नाही. १९२७ सालच्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढे गावोगाव महार समाजाने मेलेली ढोरं ओढण्याचं कामही नाकारलं आणि त्यापायी बहिष्कार सोसले. दुसरीकडे, १९३४ च्या अखेरीस वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, आणि वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर कातडी कमावण्याचं केंद्र चालवत होते. तिथला विचार असा, की मेलेल्याच जनावराचं कातडं घ्यावं, ते स्वच्छ रीतीने कमवावं आणि या कामाला मान मिळावा. एका बाजूचं म्हणणं, लादलेलं काम आधी टाकून द्या. दुसऱ्या बाजूचं, काम सुधारा. आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या पोरानं टाकलं, त्ये बरं केलं. मी न्हाई टाकलं, मला येतंय म्हणून." आम्हाला दोन्ही पटलं.

आता पर्सकडे येऊ. युरोपातल्या बायकाही पूर्वी पैसे हातातल्या पिशवीत ठेवत नव्हत्या. झग्याच्या आत कमरेला खिसे बांधायच्या. अठराव्या शतकाच्या शेवटी झगे अंगालगत झाले, आत खिसे मावेनात, तेव्हा हातात छोटी कापडी पिशवी आली. पुढे आगगाडीचा प्रवास वाढला, तशा प्रवासी सामान करणाऱ्यांनी बायकांसाठी चामड्याच्या हातबॅगा काढल्या. आपल्याकडे कनवट होती, ओचा होता, पानसुपारीची चंची होती, बटवा होता, पदराच्या टोकाला मारलेली गाठ होती. हे सगळं अंगाशी, झाकलेलं. चामड्याची बॅग खांद्याला लावून रस्त्याने चालणारी बाई म्हणजे मास्तरीण, नर्स किंवा डॉक्टरीण. बाई सांगत होत्या, त्या बॅग घेऊन पहिल्यांदा वेशीतून आत आल्या तेव्हा पारावरच्या लोकांनी विचारलं, "पाव्हणं कुनाकडचं?" आत काय होतं? हजेरीपट, खडूची पेटी, भाकरी आणि पगाराच्या दिवशी पगार. बाई म्हणाल्या, पगार बॅगेत असायचा तोवर माझा असायचा.

असो. मुद्द्याचं सांगतो, कारण बऱ्याच जणींनी पत्रं पाठवून तेच विचारलंय.

आधी वस्तू ओळखा. आतली बाजू किंवा कापलेली कड बघा. कडेला कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन. त्याचे पापुद्रे सुटू लागले की कुठलंही तेल, कुठलंही क्रीम ते थांबवू शकत नाही, उगाच पैसे घालवू नका. तंतू तंतू दिसले तर चामडं. त्यातही दोन जाती. सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोम नावाच्या धातूच्या क्षारात कमावलेलं मधोमध बहुधा राखाडी-निळसर दिसतं. आपल्या देशात क्रोमचे प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने केले. सालीत जे काम आठवडे घेतं ते क्रोममध्ये दिवसांत होतं, म्हणून कारखान्यांनी तेच उचललं. क्रोमचं चामडं पाण्याला जरा जास्त दाद देत नाही. सालीचं चामडं पाणी चटकन पितं, डाग धरतं. न दिसणाऱ्या जागी बोटाने पाण्याचा थेंब लावा. तो शोषून जागा काळवंडली तर सालीचं समजा आणि हात आखडता ठेवा.

बाईंची बॅग सालीतली होती. आजींनी ती अशी साफ करवून घेतली. पहिल्यांदा रिकामी केली. सगळे कप्पे, अगदी अस्तराच्या कोपऱ्यातसुद्धा. खडूची पूड निघाली, एक गंजलेली टाचणी निघाली, १९७९ चं एसटीचं तिकीट निघालं, ते बाईंनी लगेच काढून घेतलं. मग बुरशी. ती घरात झाडायची नाही. नाकाला पदर बांधून, अंगणात, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून दाढीच्या जुन्या मऊ ब्रशने हलकेच झाडायची. पाणी आधी लावलं तर बुरशी चोळली जाऊन आत बसते. मग सावलीत, वाऱ्यावर एक दिवस. ऊन नाही, चुलीजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळला. इतका घट्ट, की मुठीत दाबला तरी थेंब पडू नये. त्याने पूर्ण बॅग एकसारखी पुसली. फक्त डागावर पुसलं तर डाग जातो आणि त्याच्या जागी पाण्याची कड उमटते, ती आणखी वाईट. पुसून झाल्यावर आत जुनं सुती कापड कोंबलं, म्हणजे वाळताना आकार जात नाही. वर्तमानपत्र कोंबायचं आमच्या मनात होतं, पण ओलाव्याने शाई अस्तराला लागते.

तेलाचा कुणाच्या भाजीचा जुना डाग असेल तर त्याला पाणी नाही. वर टाल्कम पावडर किंवा मक्याचं पीठ रात्रभर ठेवून सकाळी झाडायचं, दोन-तीनदा करायचं. ताजा असेल तर बराच ओढला जातो. जुना गेला नाही तर नाही.

बक्कलाभोवती दोन प्रकारचा मळ असतो. पितळेवर हिरवट मेणासारखा थर येतो. चामड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं मिळून तो होतो. दात कोरायच्या काडीने कोरडाच खरवडायचा. लोखंडी खिळा किंवा बक्कल असेल तर चामड्यावर निळसर काळा डाग पडतो. तो मळ नव्हे. हिरड्याचं टॅनिन आणि लोखंड भेटले की शाईच होते, पूर्वी बोरूची शाई अशीच तर करत. तो डाग घासून जात नाही. म्हणून सालीच्या चामड्याला लोखंडाची ओली वस्तू लागू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.

सगळं वाळल्यावर क्रीम. चपलांच्या दुकानात बिनरंगी क्रीम मिळतं. ते दोन बोटांच्या टोकांवर मावेल एवढंच, फडक्याने गोल गोल फिरवून, आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून. आमच्यातल्या दोघींनी खोबरेल आणलं होतं. आजी म्हणाल्या, "चपलेला तेल लावतोय, व्हय. ती रोज पायात असतीया. ही ट्रंकेत बसणार." जास्त तेलाने चामडं काळं पडतं, आतल्या वस्तूंना तेल लागतं, आणि पावसाळ्यात त्याच तेलावर बुरशी जोमाने येते. पट्ट्याची शिवण उसवली होती. ती आजींनी आरीने, मेण लावलेल्या दोऱ्याने, जुन्याच भोकांतून शिवली. नवी भोकं पाडली तर चामडं टिकलीच्या पाकिटासारखं ओळीने फाटतं. हे काम मात्र घरी करू नका. चर्मकाराकडे जा, त्याचे पैसे द्या.

शांतिनिकेतनच्या पर्सला आम्ही जवळजवळ पुन्हा तीच चूक करणार होतो. ती कला रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सूनबाई प्रतिमादेवी यांनी तिकडे रुजवली. बहुतेक वेळा मेंढीचं किंवा शेळीचं सालीत कमावलेलं पातळ कातडं, त्यावर दाबून काढलेली नक्षी आणि हाताने भरलेले रंग. गटातल्या एकीने दवाखान्यातलं स्पिरिट आणलं होतं, बुरशी मरते म्हणून. आजींनी आधी तळाच्या कोपऱ्यात कापसाने एक टिपका लावायला सांगितलं. कापूस लालभडक झाला. त्या पर्सवरचे रंग स्पिरिटमध्ये विरघळणारे. सगळी पुसली असती तर बाईंच्या सहलीतलं काहीच उरलं नसतं. तिला फक्त कोरड्या ब्रशने झाडलं आणि थांबलो.

थांबावं कधी, हेही सांगायला हवं. नर्स आत्यांच्या बॅगेचं चामडं हाताला तांबडी पूड लावत होतं, कुंकवासारखी. याला लाल कुज म्हणतात आणि ती बरी होत नाही. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली यावर एक समितीच नेमली होती, कारण ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या चामडी बांधण्या पन्नास वर्षांच्या आत पूड होऊन गळत होत्या. कोळशाच्या वायूच्या दिव्यांची हवा हे एक कारण निघालं. दुसरं कारण कमावण्याच्या सालीत निघालं. आपल्याकडून जाणाऱ्या, तरवडाच्या सालीत कमावलेल्या कातड्यांवर समितीने ठपका ठेवला, आणि सुमाक, ओक, हिरडा यांच्या जातीचं टॅनिन जास्त टिकाऊ ठरवलं. आपल्या बांधावरचा तो पिवळ्या फुलांचा तरवड आणि आपल्याच डोंगरातला हिरडा, दोघांचा निवाडा लंडनमध्ये झाला. लाल कुज लागलेल्या चामड्याला पाणी लावू नका, तेल लावू नका, ते काळं आणि ठिसूळ होतं. सुती कापडात गुंडाळून तसंच ठेवा. आत्यांची बॅग आम्ही तशीच ठेवलीय.

ठेवण्याचं शेवटचं. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, दमट कोंडतो. जुन्या सुती साडीच्या पिशवीत, आत कापड कोंबून, भिंतीला न टेकवता. कुबट वास असेल तर डब्यात वाटीभर खायचा सोडा उघडा ठेवा, चामड्याला न लागता. आणि श्रावणात एकदा काढून वारा दाखवा.

आजींबद्दल एक राहिलंच. कोल्हापुरी चपलेची वेणी, म्हणजे पट्ट्यावरचा तो बारीक गोफ, बहुतेक घरांत बायाच विणतात. आजींनी पन्नास वर्षं विणली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाल्यावर मूळ इथलं असल्याचं त्यांनी मान्य केलं. ही बातमी आम्ही बैठकीत वाचून दाखवली तेव्हा सगळ्या चिडल्या. आजी हसल्या. त्यांच्या घरातलं कारागिराचं ओळखपत्र नवऱ्याच्या नावावर आहे. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली.

३ जानेवारीला टेबल मांडलं. प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी. बाईंच्या बॅगेपुढे लिहिलं, 'शिक्षिकेची बॅग, १९६८. घडवणारे हात: माहीत नाहीत. दुरुस्ती:' आणि इथे थांबून आम्ही आजींना त्यांचं नाव विचारलं. इतकी वर्षं आम्ही त्यांना नुसतं आजी म्हणत होतो. त्यांनी नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, "म्होरं ह्यांचं न्हाई लिवलं तरी चालंल." आम्ही तेवढंच लिहिलं.

छोटं काळं पाकीट आम्ही मांडणार नव्हतो. बाईंनीच ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि चिठ्ठी आपल्या अक्षरात लिहिली: 'आईने दिलेलं पाकीट. साबणाने धुतलेलं.' दिवसभर सगळ्यात जास्त बायका त्याच्यापुढेच थांबल्या, आणि घरी ट्रंकेत काय आहे ते सांगू लागल्या.